भिंगरीचं पुढचं चाक

प्रिय भिंगरे,

तुझं चाक मंगळवारी सकाळच्या बसने पोचलं. कंडक्टरने ते सामानाच्या जाळीवर न टाकता स्वतःच्या सीटमागे उभं करून आणलं, दुकानासमोर बस थांबवली आणि उतरून माझ्या हातात दिलं. 'नर्सबाईंचं आहे, सांभाळून धरा,' असं मलाच बजावून गेला. मी अर्धं आयुष्य चाकंच धरत आलोय हे त्याला कोण सांगणार! चाकाला सुतळीने बांधलेली तुझी चिठ्ठी वाचली. 'दादा, जरा आपटले. हे दुरुस्त होईल की नवीन घ्यायचं ते कळव. सोमवारपासून उतारावरच्या वस्तीत लसीचा आठवडा आहे.' संपली चिठ्ठी. खाली सहीसुद्धा नाही. तुझे डॉक्टर औषधंही याहून सविस्तर लिहीत असतील. तुला उत्तर एका ओळीत हवं आहे हे मला समजतं, आणि ते एका ओळीत देताही येईल. पण ती एक ओळ सापडायला मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत घरात जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'बरं दादा, ठेवते, पेशंट आलाय' म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा जरा टेक, पाणी पी आणि वाच.

आधी तुझ्या त्या 'जरा आपटले'बद्दल. तुझ्याकडून एवढंच कळणार हे मला ठाऊक होतं, पण आमचेही हेर आहेत. दुधाची गाडी चालवणारा तो उंच माणूस मंगळवारीच दुपारी दुकानात आला आणि सगळं सांगून गेला. उतारावरच्या दुसऱ्या वळणाला एक आजोबा लाकडांचा भारा घेऊन फाटकातून अचानक रस्त्यात आले. तू ब्रेक दाबलास, पण तेवढी जागाच नव्हती, तेव्हा तू हँडल वळवून सायकल सरळ सिमेंटच्या गटारात घातलीस. चाक कडेवर आदळलं, तू पलीकडे. हा गाडी थांबवून धावत आला तर तू उठून बसली होतीस आणि म्हणत होतीस, 'मला काय बघता, पेटी बघा, पेटी!' मग त्याने आणून दिलेली लसीची पेटी मांडीवर घेऊन तू एकेक बाटली मोजलीस, झाकण लावलंस, आणि तेव्हा कुठे तुझ्या लक्षात आलं की कोपरातून रक्त येतंय. तो म्हणाला, बाई, चला, तुम्हाला दवाखान्यात परत सोडतो. तर तू म्हणालीस, 'परत कशाला? माझी चार घरं पुढे आहेत.' आणि गाडीत दुधाच्या कॅनच्या मधे बसून, सायकल टपावर टाकून तू चारही घरं केलीस. हे सांगताना त्याचा आव असा होता की जणू तोच पडला होता आणि त्यानेच लस वाचवली. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाईकं होती. मी तिघांनाही सांगितलं, माझी बहीण ती. संध्याकाळपर्यंत बहुधा सातआठ जणांना सांगितलं असेल. तुझी वहिनी आतून ऐकत होती. म्हणाली, 'आज टायरमध्ये कमी आणि तुमच्यातच जास्त हवा भरली गेलीय.' म्हणू दे. तुझ्यासारखी बहीण तिला नाही.

आता चाक. तो गाडीवाला बसलेला असतानाच तुझ्या चिठ्ठीतला प्रश्न मी मोठ्याने वाचायचा अवकाश, दाराजवळच्या खुर्चीतून अप्पांचं उत्तर आलं, 'दुरुस्त होईल.' अजून त्यांनी चाकाकडे पाहिलंही नव्हतं. चौऱ्याहत्तर झाले, ऐकू निम्मं येतं, पण 'भिंगरीचं चाक' एवढे दोन शब्द बरोबर पोचले. मी म्हटलं, अप्पा, बघू तरी द्या, गटाराच्या कडेवर आदळलंय. तर म्हणाले, 'बघायचं काय त्यात? ते चाक टाकायचं नाही. आपल्या घराचं चाक आहे ते.' आणि दुधाच्या गाडीवाल्याला जवळ बसवून त्यांनी ती गोष्ट सुरू केली. कुठली ते तुला सांगायला नको. या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ती ऐकली आहे, लग्नात तुझ्या वहिनीच्या माहेरच्यांनी दोनदा ऐकली. अप्पांच्याच शब्दांत, पोरगा वीस वर्षांचा. चार वर्षं नुसती पंक्चरं काढलेली. मी त्याच्यापुढे सुटी रिम, मधला हब आणि छत्तीस तारा टाकल्या आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत चाक बांध. जमलं तर उद्यापासून चाकाच्या स्टँडवर तू बसायचंस, नाहीतर अजून एक वर्ष पंक्चर. संध्याकाळी मी रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं, खडू घासला नाही, म्हणजे चाक सरळ. मग एकेक तार बोटाने छेडून पाहिली. छत्तीसच्या छत्तीस एका सुरात, म्हणजे ताण सगळीकडे सारखा! माझ्या बापाला पहिल्या चाकात जमलं नव्हतं, मला जमलं नव्हतं, याला जमलं. अशी ती गोष्ट. शेवटी अप्पा माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी खाली बघून काहीतरी पुसायला लागतो. लोकांना तो विनय वाटतो.

ते चाक तीन वर्षं दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं. मग तुझं नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं, पहिली नेमणूक त्या डोंगराकडच्या दवाखान्यावर झाली, आणि मी ते उतरवून तुझ्या सायकलला पुढे बसवलं. माझं पहिलं चाक तुला देतोय, असं काहीतरी भाषणही मी केलं होतं. तू ते फिरवून पाहिलंस, वाकून दोन तारा छेडल्यास आणि म्हणालीस, 'छान आहे, दादा. ओळखीचं वाटतंय.' अप्पा हसले, आई हसली, मीही हसलो. सोळा वर्षं झाली त्याला. त्या एका शब्दावर सोळा वर्षांत आपण दोघंही कधी बोललो नाही.

बुधवारी सकाळी मी काम हातात घेतलं. पाच तारा तुटल्या होत्या, त्या नव्या घातल्या. रिमला अंगठा मावेल एवढा पोचा पडला होता, तो लाकडाचा ठोकळा आतून लावून हळूहळू बाहेर काढला. चाक केवढं आऊट होतं म्हणून सांगू! स्टँडवर फिरवलं की ताटातल्या पाण्यासारखं डचमळत होतं. पण तूही जाणतेस, लोखंडी रिम हट्टी असली तरी ऐकणारी असते. एका बाजूच्या तारा आवळल्या, दुसऱ्या बाजूच्या सैल केल्या, परत फिरवलं, परत आवळलं. जेवणाच्या वेळेपर्यंत चाक सरळ झालं. अप्पा खुर्ची सरकवत स्टँडपाशी आले, खिशातून खडूचा तुकडा काढला, रिमजवळ धरला आणि म्हणाले, फिरव. तीन वेळा फिरवलं. खडू कुठेही घासला नाही. त्यांनी 'हं' केलं. त्यांच्या त्या 'हं'ची किंमत आपल्याच घरात ठाऊक. लगेच मला म्हणाले, 'उद्याच्या बसने पाठवून दे पोरीला. आणि लिही, बापाने पहिल्यांदाच सांगितलं होतं म्हणावं.' खुशीत दोन घास जास्त जेवले आणि आडवे झाले.

मी मात्र जेवण झाल्यावर परत स्टँडपाशी गेलो. खडूने पास केलेलं चाक मी सवयीने छेडून बघतो. बहुतेक तारा नीट बोलल्या. पोच्याच्या जागी मात्र दोन तारांमधून आवाजच आला नाही, दोरीला बोट लावावं तसं नुसतं थप्प. आणि त्यांच्या शेजारच्या चार इतक्या कडक की बोटाला झोंबल्या. म्हणजे चाक सरळ दिसत होतं ते त्या चार तारांनी रिमला कसंबसं ओढून धरलं होतं म्हणून. खडूला हे समजत नाही. पूर्वी अप्पांच्या कानाला समजत असे, आता त्यांना तो बारीक सूर ऐकू येत नाही. म्हणजे या दुकानात त्या चाकात खोट आहे हे माहीत असलेला मी एकटाच होतो. सपाट रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या कुणाचं चाक असतं तर मी म्हटलं असतं, चालेल दोनचार महिने. पण हे चाक रोज तो उतार उतरणार, वर तू, मागे पेटी, आणि कधीतरी परत कुणी आजोबा भारा घेऊन रस्त्यात येणार. तेव्हा तू ब्रेक दाबशील आणि सगळा भार त्या चार तारांवर येईल.

आणि भिंगरे, तिथे उभं असताना मला कळलं की हे सगळं माझ्या आयुष्यात एकदा होऊन गेलं आहे. असंच चाक, हाच स्टँड, दुपारची हीच वेळ, अप्पा आत झोपलेले. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी दुपारपर्यंत मी बांधलेलं चाकही खडूला घासत नव्हतं. सरळ होतं. आणि छेडल्यावर चार ठिकाणी असंच थप्प वाजत होतं. मला ते ऐकू येत होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. एक तार आवळावी तर चाक परत डोलायचं. शेवटी हात टेकले आणि संध्याकाळी जे व्हायचं ते होवो म्हणून आत जाऊन पडलो. तुला वाटत आलं असेल की मी झोपलो होतो. मला झोप कुठली लागतेय! अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायला आलो आणि दाराच्या फटीतून तू दिसलीस. माझ्या स्टुलावर बसली होतीस, शाळेची वही मांडीवरून खाली सरकली होती, डोळे मिटलेले, कान चाकाला लावलेला. तू सगळ्या तारा सैल केल्या होत्यास. छत्तीसच्या छत्तीस! मी चार तासांत जे केलं ते तू दहा मिनिटांत सोडवून टाकलं होतंस आणि पहिल्यापासून, पाव पाव फेऱ्याने, एकेक तार सुरात आणत होतीस. पलीकडच्या खोलीत आईचं शिलाईचं मशीन चाललं होतं, ते थांबलं की तूही थांबायचीस, सुरू झालं की परत तारा आवळायची चावी फिरवायचीस. सतरा वर्षांची होतीस. स्टँडला हात लावायची तुला कधी कुणी परवानगी दिली नव्हती. दुकानाच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करता करता तू हे नुसतं बघून आणि ऐकून शिकली होतीस.

मी दार ढकलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, भिंगरे, हे मला पण दाखव. मी काय केलं, तर चोरपावलांनी मागे फिरलो आणि परत पडून राहिलो. संध्याकाळी अप्पांनी तारा छेडल्या, 'हं' म्हणाले, माझ्या पाठीवर हात ठेवला. तू चहा घेऊन आलीस तेव्हा तुझ्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. आईने विचारलं तर म्हणालीस, कंपासचं टोक लागलं. तुला ठाऊक होतं की अजून एक वर्ष पंक्चर काढायचं झालं असतं तर मी दुकान सोडून कुठेतरी निघून गेलो असतो, तसं मी आदल्या आठवड्यातच तुझ्याजवळ बोललो होतो. तू मला वाचवलंस आणि मी ते वाचणं मुकाट्याने घेतलं. एकोणीस वर्षं घेत राहिलो. आणखी एक सांगतो, हे कुणालाच माहीत नाही. ते चाक तीन वर्षं खिळ्याला टांगून ठेवलं होतं ते शोभेसाठी नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडलं की अप्पा यायच्या आधी मी त्याच्या तारा छेडायचो आणि मग माझ्या हातातल्या चाकाच्या. दोन्ही सारख्या वाजेपर्यंत हातातलं चाक सोडायचं नाही. अशीच मला विद्या आली. आज लोक लांबून माझ्याकडे चाकं बांधायला आणतात, माझ्या हाताचं नाव घेतात. घेऊ देत, हात आता खरंच चांगला आहे. पण त्या हाताला शिकवणारी तू आहेस.

काल, गुरुवारी, मी रिमवरची, ट्यूबखालची रबरी पट्टी काढली. मनात तोवर थोडी आशा होती की पोच्याची जागा गरम करून बसवता येईल आणि चाक राखता येईल. पट्टीखाली दोन तारांच्या भोकांना जोडणारी केसासारखी चीर निघाली. नखाने चाचपली तर नख अडकलं. संपलं. चिरलेल्या रिमला दुरुस्ती नाही, हे आपल्या घरात शेंबडं पोरही सांगेल. अप्पा उठले तेव्हा मी त्यांना म्हटलं, चाक पाठवत नाही, रिम गेली. त्यांनी चीर पाहिली नाही, माझ्याकडेच पाहिलं. फार दुखावले. म्हणाले, 'विसाव्या वर्षी पहिल्या फटक्यात बांधलंस, आता चाळिशीत तेच चाक सांभाळता येत नाही? हात म्हातारे झाले का तुझे?' मी त्यांच्या कानाजवळ गेलो, कारण हे दोनदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती, आणि म्हटलं, 'अप्पा, विसाव्या वर्षीही मला जमलं नव्हतं. ते चाक भिंगरीने बांधलं.' तुझी वहिनी दारात आली होती, ती तिथेच थबकली.

मग मी सगळं सांगितलं, वर तुला लिहिलंय तेवढं, दाराच्या फटीसकट. अप्पा चाक मांडीवर घेऊन बसले. एक गिऱ्हाईक हवा भरायला आलं, मी भरून दिली, ते गेलं, तरी चाक मांडीवरच. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. शेवटी त्यांनी विचारलं, 'सगळ्या तारा सैल केल्या होत्या तिने?' मी म्हटलं, सगळ्या. 'छत्तीस?' छत्तीस. 'आणि मी उठायच्या आत परत बांधलं?' बांधलं. त्यावर म्हणाले, 'गाढवा, म्हणजे एकोणीस वर्षं मी पाहुण्यांना चुकीच्या पोराचं कौतुक सांगतोय?' मी म्हटलं, हो. त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. बरा जोरात बसला. मला वाटतं, त्यात एकोणीस वर्षांची थकबाकी होती. नंतर मात्र त्यांचा चेहरा पालटत गेला, तो मी बघत होतो. पुटपुटत होते, 'नुसतं बघून शिकली. डोळे मिटून बांधलं.' तेवढ्यात पोस्टमन आला. त्या बिचाऱ्याला बसवून त्यांनी गोष्ट सुरू केली, तीच, पण पोरगी सतरा वर्षांची. त्याच्यानंतर शेजारचा शिंपी आला, तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. आज सकाळी दुधाच्या गाडीवाल्याला सांगताना तू पंधराची झालीस आणि चाक अर्ध्या तासात बांधलंस. तो म्हणाला, बाईंना मी ओळखतो की, काहीही करतील त्या. उद्यापर्यंत तू बहुतेक पाळण्यात असशील. मी आता गोष्ट संपताना खाली बघत नाही. अप्पा बोट दाखवतात ते भिंतीवरच्या तुझ्या नर्सच्या टोपीतल्या फोटोकडे, आणि मीही तिकडेच बघतो. खरं सांगू? इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. आणि इतकं ताठ बसावंसंही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रिम नवीन घ्यायची. ती मी आज निवडली, म्हणजे मी सहा काढल्या आणि अप्पांनी पाच नाकारल्या. तारा सगळ्या नव्या, जुन्या थकल्या आहेत. हब तोच राहील, तो अजून लोण्यासारखा फिरतो, धुऊन नवीन ग्रीस भरलं आहे. जुनी रिम अप्पांनी टाकू दिली नाही. मी म्हटलं, चिरलेलं लोखंड ठेवून काय करायचं? तर म्हणाले, तुला काय कळतं चाकातलं. या एका वाक्यावर ते आता मरेपर्यंत जगणार आहेत.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र सामानाच्या पेटीत न टाकता वेगळं, आजच संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हातात दिलं आहे. उद्या, शनिवारी सकाळच्या बसने, तुला एक मोठी चपटी पेटी मिळेल. त्यात चाक नाही. सुटी रिम आहे, हब आहे, छत्तीस तारा कागदात गुंडाळलेल्या आहेत आणि अप्पांची स्वतःची चावी आहे, जी त्यांनी मलाही कधी दिली नाही. ती उघडलीस तर तुला वाटेल की दादाने काम अर्धवट टाकलं. तसं नाही. मी आज दुपारी रिम स्टँडवर चढवायला घेतली होती, अप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, 'तू नको. मी त्या दिवशी झोपलो होतो. मला ते बघायचंय.' भिंगरे, आई गेल्यापासून सहा वर्षं हा माणूस गल्लीच्या पुढे गेला नाही, आणि रविवारच्या पहिल्या बसने तुझ्याकडे यायला निघालाय. इस्त्रीचा शर्ट आजच खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवलाय, आणि स्टँड कुणी उचलायचा यावरून माझ्याशी दोनदा भांडून झालंय. म्हणून एवढंच ऐक. रविवारी आम्ही पोचेपर्यंत पेटीला हात लावू नकोस, तुझ्या कंपाउंडरलाही लावू देऊ नकोस. अंगणात उजेड असेल तिथे दोन खुर्च्या आणि तुझ्यासाठी एक बुटकं स्टूल मांडून ठेव. अप्पांची खुर्ची अगदी जवळ ठेव, त्यांना सूर ऐकू येणार नाही, पण तुझे हात दिसतील. आणि मध्येच मला काही सुचवावंसं वाटलं, तर मला सरळ पाणी भरायला पाठव.

तुझाच, आणि तुझ्याच हाताखाली शिकलेला,
दादा